गाडी चाळीसवरच अडकते, हिसके देते? स्पीड गव्हर्नर कापण्याआधी एवढं तपासा

"उस्ताद, ह्यो डबा काढून टाका एकदाचा." सोलापुरात हैदराबाद रोडवरच्या माझ्या दुकानात हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. कांद्याच्या हंगामात मार्केट यार्डाकडं गाड्यांची रांग लागली की रोज. मी इंजिनवाला नाही, गाडीचं वायरिंग करतो. गेल्या काही वर्षांत हातून सगळ्यात जास्त गेलेला एकच दोष विचाराल तर तो हाच. गव्हर्नर, म्हणजे गाडीला ठरावीक वेगाच्या पुढं जाऊ न देणारा डबा, ८० वर लावलेला, पण गाडी ४०-४५ च्या पुढं जात नाही, नाहीतर मध्येच हिसके देते.

आणि बहुतेक वेळा डबा चांगला निघतो. त्याला मिळणारी माहिती चुकीची असते. वेगाची वायर, अर्थिंग (गाडीच्या पत्र्याला जोडलेली वायर) किंवा बॅटरी, या तिघांपैकी कोणीतरी गडबड करत असतं. डबा बिचारा जे ऐकू येईल त्यावर काम करतो. म्हणून तो कापायच्या किंवा नवीन घ्यायच्या आधी खालची तपासणी करा. यातल्या पहिल्या काही गोष्टींना तर एक रुपया लागत नाही.

आधी लक्षणं नीट बघा

ड्रायव्हर "पिकअप नाही" एवढंच सांगतो. त्यातून काही कळत नाही. मी हे विचारतो:

- गाडी ठरावीक एका वेगालाच अडकते का, आणि तो वेग रोज तोच असतो का?
- हिसके चढावर येतात, की सपाट रस्त्यावरही?
- मीटरचा काटा नाचतो, पडतो किंवा शून्यावर बसतो का?
- पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर त्रास सुरू झाला का? की फक्त एप्रिल-मेच्या दुपारी होतो?
- रात्री, हेडलाइट लावल्यावर वाढतो का?
- डब्यावरचा लाल दिवा लुकलुकतो किंवा बझर वाजतो का?
- अलीकडं गिअरबॉक्स उघडला होता, टायर बदलले होते, की काही नवीन लाइट-हॉर्न लावले होते?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा नेहमी "नाही, काहीच नाही" असं येतं. चहा झाला की आठवतं.

आता सगळ्यात कामाची परीक्षा. रिकाम्या, सपाट रस्त्यावर, बाळे गावाच्या पुढं मोहोळकडं सरळ पट्टा मिळतो तिथं, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये न्या आणि कुठल्या वेगाला अडकते ते बघा. मग चौथ्यात, मग पाचव्यात. तिन्ही गिअरमध्ये ती ४५ वरच अडकत असेल तर गव्हर्नरकडं बोट दाखवायला हरकत नाही, कारण गव्हर्नरला गिअर कळत नाही, फक्त वेग कळतो. पण तिसऱ्यात ३५, चौथ्यात ५०, पाचव्यात ६५ असं होत असेल, तर इंजिन ठरावीक आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) वर चढत नाही. ते माझं काम नाही. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, टर्बोचा पाइप, असल्या गोष्टी मिस्त्रीकडून बघून घ्या. तुळजापूरच्या घाटात भरलेली गाडी दम टाकते आणि काळा धूर सोडते, सपाटीला मात्र ठीक चालते, तेव्हाही गव्हर्नरचा काही संबंध नसतो. ही परीक्षा न करता डबा बदलून आलेले कितीतरी लोक मी परत पाठवले आहेत.

फुकटची तपासणी: डबा बरोबरच असेल तर?

हसू नका. तक्रार घेऊन येणाऱ्यांत अशा गाड्या असतातच, ज्यांचा गव्हर्नर नेमून दिलेलं काम चोख करत असतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११८ वा नियम या यंत्राचा आहे. १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार झालेल्या व्यावसायिक वाहनांना तो कंपनीतूनच बसवून येतो. सर्वसाधारण मर्यादा ८०. टँकर, डंपर, स्कूल बस आणि धोकादायक माल नेणारी वाहनं यांना ६०. मागं एकानं जुना टँकर विकत घेतला, टाकी उतरवून वर हौदा चढवला आणि "साठच्या वर पळत नाही" म्हणून महिनाभर गॅरेजं फिरला. पळेल कशी? गव्हर्नर टँकरचाच होता. तेव्हा पहिल्यांदा गव्हर्नरचं सर्टिफिकेट काढा आणि त्यावर लिहिलेला वेग वाचा. हौदा बदलल्याची नोंद आरसीवर झाली का, हे त्याच वेळी बघून घ्या.

दुसरं, मीटर आणि मोबाइल. मोबाइलच्या नकाशावर दिसणारा वेग उपग्रहावरून येतो, आणि चाकाच्या फिरण्याशी त्याचा संबंध नसतो. गाडीचं मीटर मुद्दाम थोडं जास्त दाखवेल असंच बनवलेलं असतं, कमी दाखवायची त्याला परवानगीच नाही. म्हणून मीटरवर ८४ आणि मोबाइलवर ७९ दिसणं हा दोष नव्हे. मात्र मीटर ८० आणि मोबाइल ६५ दाखवत असेल तर कुठंतरी मोजणीच चुकते आहे, पुढं वाचा. मोबाइल शेजारच्या माणसानं बघायचा, ड्रायव्हरनं नव्हे. वेग अर्धा मिनिट तरी एकसारखा ठेवा, कारण उपग्रहाचा आकडा थोडा मागून येतो.

टायर

पटकन सांगतो. वेग मोजला जातो गिअरबॉक्सपाशी, म्हणजे शाफ्ट किती वेळा फिरला त्यावरून. एका फेऱ्यात गाडी किती पुढं गेली हे टायरच्या घेरावर ठरतं आणि तो घेर डब्यात आधीच भरून ठेवलेला असतो. टायर झिजून गुळगुळीत झाला की दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो, त्यानं काही बिघडत नाही. पण साइजच बदलली, लहान टायर टाकले, तर डब्याला गाडी खरी आहे त्यापेक्षा जोरात पळते असं वाटतं आणि तो लवकर वेग आवळतो. मोठे टाकले तर उलटं होतं. गाडी ८० च्या वर जाते आणि डब्याला पत्ताच नसतो. टायरवरची साइज आणि गाडीच्या पुस्तकातली साइज जुळवून बघा, हवा भरून घ्या. झालं.

बॅटरीची टोकं आणि फ्यूज

बोनेट उघडा किंवा केबिन उचला. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आला असेल तर गरम पाण्यानं धुवा, पॉलिश पेपरनं घासा, घट्ट आवळा आणि वर थोडं पेट्रोलियम जेली लावा. टर्मिनल हातानं फिरत असेल तर तेच कारण समजायला हरकत नाही.

साधा मल्टिमीटर प्रत्येक गाडीमालकाकडं असावा. चारशे-पाचशेत येतो. १२ व्होल्टच्या गाडीत इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं. २४ व्होल्टच्या गाडीत याच्या दुप्पट. व्होल्टेज खाली पडलं की डब्यातला प्रोसेसर मोबाइलसारखा बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि त्या क्षणभरात तो सुरक्षित बाजू म्हणून ॲक्सिलरेटर आवळतो. तुम्हाला जाणवतो तो हिसका हाच. रात्री हेडलाइट, वायपर, पंखा सगळं एकदम चालू असताना त्रास वाढतो तो यामुळंच.

फ्यूज बघा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. पुन्हा उडाला तर थांबा, कुठंतरी वायर बॉडीला लागते आहे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी लावू नका. तार वितळत नाही, मग वायरिंग जळतं. केबिनमध्ये धूर झालेली गाडी मी मोहोळच्या अलीकडून ओढून आणली आहे, आतमध्ये अशीच तार होती.

अर्थिंग, म्हणजे या दुखण्याचं माहेरघर

इथं जरा थांबतो, कारण माझे सगळ्यात जास्त तास इथंच गेले आहेत.

बार्शीकडचे एक मालक, कांदा-द्राक्षं वाहणारा टेम्पो. गाडी ५० च्या वर जाईना. एका ठिकाणी गव्हर्नर बदलला, चार दिवस बरं, पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी पुन्हा बदलला. माझ्याकडं आले तेव्हा त्यांच्याकडं दोन जुने डबे पिशवीत होते आणि तोंडात शिव्या. मी तिन्ही डबे बाजूला ठेवले आणि मल्टिमीटर काढला. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन डब्याच्या अर्थ वायरच्या स्क्रूवर, इंजिन चालू, हेडलाइट चालू. शून्याच्या जवळ दिसायला हवं. दिसलं ०.६ व्होल्ट.

स्क्रू खोलला तर खाली कंपनीचा रंग तसाच होता. डबा बसवणाऱ्यानं रंग न खरवडता स्क्रू पिळला होता. पत्र्याला धड चिकटलेलाच नाही, फक्त आट्यांवर टेकलेला. नवीन डबा बसवताना तो स्क्रू हलायचा, चार दिवस पकड मिळायची, मग पुन्हा सैल. रंग घासून पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर घातला, वायरला नवीन लग लावला. वाचन आलं ०.०४. गाडी सरळ ८० वर गेली आणि तिथं शहाण्यासारखी थांबली. मी त्यांच्याकडून दीडशे रुपये घेतले आणि त्यांनी चहा पाजला. दोन डब्यांचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

हे असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हीच ओळखाल. नव्या पद्धतीच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरला केबल नसते. पेडलखाली सेन्सर असतो, तो पाय किती दाबला हे व्होल्टेजच्या भाषेत सांगतो आणि ते असतं पाच व्होल्टच्या आत. गव्हर्नर पेडल आणि इंजिनच्या कॉम्प्युटरच्या मध्ये बसतो. वेग मर्यादेत असेपर्यंत पेडलचं म्हणणं जसंच्या तसं पुढं ढकलतो, मर्यादा आली की कमी करून सांगतो. आता डब्याचा अर्थच अर्धा व्होल्ट वर तरंगत असेल, तर त्याच्या दृष्टीनं सगळी मापं अर्ध्या व्होल्टनं सरकली. पाच व्होल्टच्या हिशेबात अर्धा व्होल्ट म्हणजे थोडं नव्हे. तराजूखाली खडा आला तर व्यापारी काय आणि गिऱ्हाईक काय, दोघंही बरोबर असून वजन चुकतं, तसं.

मोजताना ०.१ च्या आत असेल तर उत्तम. ०.२ च्या वर गेलं की साफ कराच. डब्याच्या स्क्रूबरोबर बॅटरी ते चॅसी आणि चॅसी ते इंजिन या दोन जाड पट्ट्याही बघा. त्या गंजून धाग्यावर आलेल्या असतात, वरून मात्र धडधाकट दिसतात.

नंतर लावलेला पसारा

सोलापुरातून अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर अशा फेऱ्या करणाऱ्या ट्रॅव्हलर गाड्या बघितल्या आहेत ना? आत निळे-जांभळे लाइट, बाहेर एलईडी पट्टी, मोठा साउंड, दोन-तीन हॉर्न, चार्जिंगचे बारा पॉइंट. गड्ड्याची जत्रा चालत-बोलत निघाल्यासारखी. हौसेला मोल नाही, पण हा सगळा पसारा कुठून जोडलेला असतो? बहुतेक वेळा इग्निशनच्या ज्या वायरवर गव्हर्नर आहे तिथूनच, कारण ती हाताशी असते.

स्वस्त एलईडी पट्ट्या आणि ॲम्प्लिफायर वायरमध्ये विजेचा गोंगाट सोडतात. वेगाचा सेन्सर डब्याला ठोके पाठवतो, म्हणजे चाक फिरलं की टक, टक, टक. गोंगाटामुळं मध्ये खोटे ठोके मिसळले की डबा तेही मोजतो. खऱ्याच्या जोडीला तेवढेच खोटे आले तर ४० ची गाडी त्याला ८० ची वाटते आणि तो आवळतो. "चाळीसवर अडकते"चं रहस्य अनेकदा एवढंच असतं.

तपासणी सोपी आहे. नंतर जोडलेलं सगळं, अगदी सगळं, काढा आणि एक चक्कर मारा. हिसके थांबले तर एकेक परत जोडत जा. जो गुन्हेगार असेल त्याला बॅटरीवरून वेगळी वायर, वेगळा फ्यूज आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) द्या. एकच अपवाद. व्यावसायिक प्रवासी वाहनांत गाडीचं ठिकाण कळवणारं जीपीएस यंत्र आणि पॅनिक बटण असतं, त्याला हात लावू नका.

पसारा काढूनही हिसके राहिले तर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनमध्ये बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोचा) डायोड गेलेला असण्याची शक्यता मोठी आहे. तोही असेच खोटे ठोके पाठवतो. डायनॅमोवाल्याकडं जा.

वायरिंग: उंदीर, ऊन आणि काळी टेप

गाडी यार्डात रात्र-रात्र उभी, खाली धान्य, कांदा, गूळ. उंदीर येणारच. गिअरबॉक्सपासून केबिनकडं जाणारी सेन्सरची वायर त्यांना विशेष आवडते. टॉर्च घेऊन आडवं व्हा आणि वायर टोकापासून टोकापर्यंत डोळ्यांनी बघा. कुरतडलेली जागा, गरम सायलेन्सरला टेकलेली जागा, क्लिप तुटून लोंबणारी जागा.

दुसरा शत्रू आपलं ऊन. पारा चाळीस ओलांडतो तेव्हा बंद केबिनच्या डॅशबोर्डखाली काय होत असेल विचार करा. काळ्या इन्सुलेशन टेपचा डिंक पातळ होऊन वाहतो, टेप सुटते, त्या चिकटीवर धूळ बसते आणि नुसता पिळून केलेला जॉइंट उघडा पडतो. दुपारी त्रास, रात्री बरं, अशी गाडी आली की मी आधी टेपचे जॉइंट शोधतो. पिळलेला प्रत्येक जॉइंट झाळून वर उष्णतेनं आवळणारी नळी चढवा. दहा रुपयांची नळी.

कपलर (वायरी एकमेकींना जोडणारा प्लग) तपासायची पद्धत म्हणजे इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढून, एकेक कपलर हलकेच हलवणं. हलवल्यावर लाल दिवा लागला किंवा इंजिनचा आवाज बदलला तर जागा सापडली. पाणी शिरलेला, पिनांवर हिरवट चढलेला कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्यानं साफ करा. पेट्रोल नको, डिझेल नको, ग्रीस भरणं तर नकोच.

पण लक्षात ठेवा, ज्या कपलरवर शिशाचं किंवा प्लास्टिकचं सील आहे तो उघडायचा नाही. ते सील तुटलं की आरटीओच्या फिटनेस तपासणीला गाडी अडकते, आणि "सील मी नाही तोडलं" हे सांगत बसावं लागतं. सीलच्या आत दोष आहे असं वाटलं की तुमचं काम संपलं.

आणखी एक. बल्बचा टेस्ट लॅम्प सेन्सरच्या आणि पेडलच्या वायरींना लावू नका. बल्ब करंट ओढतो, आणि दोन हजारांचा दोष वीस हजारांचा होतो. तिथं फक्त मल्टिमीटर.

वेगाचा सेन्सर

इथून पुढं हात सरावाचा नसेल तर वाचून ठेवा, करू नका.

सेन्सर गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला असतो. त्याला बहुतेक वेळा तीन वायरी असतात, सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. मीटरचा काटा आणि गव्हर्नर दोन्ही एकदम बिघडले असतील तर संशय पहिल्यांदा यावर घ्या, कारण बऱ्याच गाड्यांत दोघांना माहिती देणारा हा एकच असतो. काटा ठीक आणि फक्त गव्हर्नर बिघडला असेल तर सेन्सर चांगला आहे, तिथून डब्यापर्यंतची वायर बघा. या एका विचारानं माझा अर्धा दिवस वाचतो.

काढून बघितला तर टोकाला लोखंडाचा चुरा चिकटलेला दिसू शकतो. पुसून घ्या, ओ-रिंग नवीन घाला. चुरा फार असेल तर मात्र गिअरबॉक्स काहीतरी सांगतो आहे, मिस्त्रीला दाखवा. जुन्या गाड्यांत मीटरला केबल असते आणि सेन्सर त्या केबलच्या वाटेत बसवलेला असतो. आतली तार तुटते किंवा प्लास्टिकचं छोटं चाक झिजतं.

त्या छोट्या चाकाची एक गंमत. एका स्कूल बसचा गिअरबॉक्स उघडला होता. बसवताना दुसऱ्या मॉडेलचं, कमी दात्यांचं चाक घातलं गेलं. त्यामुळं ठोके जास्त, मीटर पुढं पळतंय आणि बस खऱ्या पंचेचाळीसला आवळते. ड्रायव्हरकाका खूश होते, म्हणाले पोरं सुरक्षित आहेत, राहू दे. पण उलटं झालं असतं, जास्त दात्यांचं चाक पडलं असतं, तर ६० ची मर्यादा खरी ७५ ला लागली असती आणि कुणाला कळलंही नसतं. म्हणून गिअरबॉक्सचं काम झाल्यावर मोबाइल आणि मीटर एकदा जुळवून बघाच.

इथं थांबा आणि जाणत्याला बोलवा

गाडी मर्यादेच्या *वर* जायला लागली असेल तर घरी प्रयोग करू नका. अडकणाऱ्या गाडीचा वैताग येतो, न अडकणाऱ्या गाडीत जीव जातो. ८० ऐवजी १०० ला गाडी असेल तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर सव्वापट होत नाही, दीडपटीहून जास्त होतं, कारण ते वेगाच्या वर्गानं वाढतं. स्कूल बस असेल तर दुरुस्त होईपर्यंत मुलांना बसवू नका.

पेडल दाबूनही इंजिन फक्त आयडलवर चालतं आणि इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल, तर पेडलमधल्या दोन सेन्सरांचं एकमेकांशी जुळत नाही असं कॉम्प्युटरला वाटतं आहे. याला स्कॅनर लागतो. वायरी कापून, अंदाजानं जोडून हे सुटत नाही.

इंजिनला डिझेल पुरवणारा जुन्या पद्धतीचा पंप असलेल्या गाड्यांत गव्हर्नर डिझेलच्या नळीतला व्हॉल्व्ह आवळतो. तो कचऱ्यानं अर्धवट बंद राहिला की गाडी सगळ्याच वेगांना मरगळते आणि सकाळी चालू होत नाही. डिझेलचा वास येतोय, नळी ओली दिसते, तर गाडी उभी करा. नळी खोलली की लाइनमध्ये हवा शिरते, ते काम पंपवाल्याचं.

२०२० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत वेगळा डबा नसतोच. मर्यादा इंजिनच्या कॉम्प्युटरमध्येच भरलेली असते. त्यांना बॅटरी, अर्थिंग, वायरिंग इथपर्यंतचं सगळं लागू आहे, पुढचं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं. आणि डब्यातला वेग किंवा टायरचा घेर बदलायचा, सील नवीन लावायचं, हे फक्त अधिकृत बसवणाऱ्याकडं. त्याचं सर्टिफिकेट लागतं, नाहीतर फिटनेसला पुन्हा फेरी. गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी असतो, हे विसरू नका.

सीटखाली लपवलेलं बायपास बटण बसवून द्या म्हणणारेही येतात. मी बसवत नाही. एकदा नाही म्हटलं म्हणून एक जुनं गिऱ्हाईक तुटलं, तुटू दे.

कारवाल्यांसाठी थोडं

१ जुलै २०१९ नंतरच्या कारमध्ये ८० च्या वर अधूनमधून आणि १२० च्या वर सतत बीप वाजते. पुण्याला जाताना डोकं उठतं म्हणून ती बंद करून मागतात. तो दोष नाही, नियम आहे, आणि गाडी सावकाश नेली की बीप आपोआप बंद होते.

नव्या महागड्या गाड्या काचेमागच्या कॅमेऱ्यानं रस्त्यावरची पाटी वाचून वेगमर्यादा दाखवतात. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारला अशी सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. आपल्याकडं ती चुकीचा आकडा दाखवते अशी तक्रार असेल तर आधी कॅमेऱ्यासमोरची काच आतून-बाहेरून पुसा. उसाच्या हंगामात काचेवर जो चिकट थर बसतो तो वायपरनं जात नाही. पुढच्या ट्रकच्या मागं रंगवलेला ८० किंवा ६० चा गोल कॅमेरा पाटी समजून वाचू शकतो, तेव्हा ट्रक पुढं गेला की आकडा बदलतो का ते बघा. काच बदलली असेल तर कॅमेऱ्याची दिशा सर्व्हिस सेंटरलाच जुळवून घ्यावी लागते. ते घरी होत नाही.

येताना हे आणा

माझ्याकडं असो की दुसऱ्या कुणाकडं, गाडी दाखवायला नेताना गव्हर्नरचं सर्टिफिकेट, आरसी आणि एका कागदावर एवढं लिहून न्या: किती वेगाला अडकते, कुठल्या गिअरमध्ये, मोबाइलवर तेव्हा किती होतं, दिवसा की रात्री, भरलेली की रिकामी, बॅटरीचं आणि अर्थचं वाचन किती आलं. आणि जो ड्रायव्हर रोज गाडी चालवतो त्यालाच पाठवा. मालक आले की गाडी हमखास व्यवस्थित पळते.